पायी जायचा नवस

पप्पांना पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवून लविनाने ड्रायव्हरला बजावलं, की खड्डा दिसला की गाडी जवळजवळ थांबवायचीच.

"मग टेकडीवर पुढच्या वर्षी पोचू की," तो हळूच म्हणाला.

तिला हसायचं नव्हतं... तरी ओठ हललेच.

दर पंचवीस वर्षांनी येणारं ज्युबिलीचं पवित्र वर्ष होतं. नेसरीकडच्या चर्चमधून साठेक माणसं मारिया मातेच्या टेकडीवर पायी निघाली होती. लविना बारदेस्कर कोल्हापुरात नर्स होती. चार महिन्यांपूर्वी तिच्या वडिलांची, इनास बारदेस्करांची बायपास झाली, आणि आयसीयूतच ते नवस बोलून बसले : वाचलो तर पवित्र वर्षात मातेच्या दारी पायी जाईन. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. शेवटी तडजोड ठरली. पप्पा गाडीत, लविना त्यांच्या वतीने पायी.

ड्रायव्हरचं नाव संघर्ष कांबळे. कागलच्या एमआयडीसीत कामाला, सुट्टीला काकांची पिकअप चालवायचा. गाडी यात्रेकरूंच्या मागून रांगत होती. लविना दर दहा मिनिटांनी वळून पप्पांकडे बघायची, आणि दर वेळी नजर आधी त्यालाच भिडायची. तो न विचारताच अंगठा वर करायचा — ठीक आहेत.

टेकडीच्या पायथ्याशी सगळे रोझरीची जपमाळ म्हणायला थांबले. लविना पाणी घेऊन गाडीकडे गेली, तर सीट रिकामी. लघवीला जातो म्हणून पप्पा उतरले होते. संघर्ष टायर बघायला वाकला, आणि तेवढ्यात... चिखलातले चपलांचे ठसे पायवाटेने वर गेले होते.

"तुम्ही लक्ष ठेवायचं होतं." ती ठशांकडे बघत म्हणाली.

"चुकलं माझं," म्हणून तो तिच्याआधी पायवाटेला लागला.

सप्टेंबरची भुरभुर चालली होती. तांबड्या मातीवर तिचा पाय घसरला. त्याने मनगट धरलं, आणि सावरल्याबरोबर सोडलं. तिच्या तोंडून 'नमो मारिया'चे शब्द तुटक निघत होते. मध्येच तिने विचारलं, तुम्ही प्रार्थना करत नाही का.

"आम्ही बौद्ध. मागायचं न्हाई कुणाकडं," तो म्हणाला. "आई दवाखान्यात हुती, तवा नऊ दिवस नुस्ता बसून ऱ्हायलो. गप्प बसलं की भ्या वाढतं. तुम्ही बोलत ऱ्हावा."

मग ती बोलत राहिली. ऑपरेशनच्या रात्रीचं, पप्पांच्या हट्टाचं, आजवर कुणालाच न सांगितलेलं. तो ऐकत चालला. आई बरी झाली का, हे तिने विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "व्हय. आता मला शिव्या घालती."

वळणावर काजूच्या झाडाखाली पप्पा दगडावर बसले होते. चेहरा राखेसारखा, सदरा घामाने भिजलेला. लविनाने नाडी पाहिली. जलद होती, पण नेमाने चाललेली. छातीत दुखत नव्हतं. तरी यापुढे एक पाऊल नाही, असं तिने सांगितलं. खाली उतरण्यापेक्षा वरचं मातेचं चॅपल जवळ होतं, आणि गाडीही नंतर पलीकडच्या रस्त्याने वर आणता येणार होती. संघर्ष पाठ करून खाली बसला.

"नवस मोडंल माझा," पप्पा म्हणाले.

"काका, पाय कुणाचं का असंनात, चालतच चाललोय की."

पप्पा त्याच्या पाठीवर बसले.

चॅपलच्या उंबरठ्यावर त्याने त्यांना उतरवलं. वेदीपर्यंतची दहा पावलं मात्र ते स्वतः चालले. तो बाहेरच थांबला. यात्रेकरू अजून पोचले नव्हते. लविना परत दारात आली, तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"परत भेटायचं हाय मला," तो खाली बघत म्हणाला. "तुमी न्हाई म्हणाला तर मागं लागणार न्हाई. पण... न विचारता जाववंना."

तिच्या मनात सगळं एकदम आलं — धर्म, जात, गाव, पप्पांचं नाजूक काळीज.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "पण नाही म्हणवत नाही. फक्त... लपून भेटणार नाही मी."

ती तशीच आत गेली. पप्पा बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी बसून तिने हलक्या आवाजात सगळं सांगितलं, आणि त्यांचा श्वास ऐकत राहिली.

"त्याला म्हणावं," ते डोळे न उघडता म्हणाले, "घरी येऊन विचार. असं रस्त्यात न्हाई."

लविना उठली. बाहेर संघर्ष दाराकडेच बघत उभा होता.

"रविवारी जेवायला या," ती म्हणाली. "पप्पांनी बोलावलंय."