लोसाआजीचा थेंब

साल एकोणीसशे सदुसष्ट. सावाई बेटावरच्या आमच्या वाइतोआ गावात त्या वर्षी हत्तीरोगाचं संशोधन केंद्र आलं. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, रॉकेलवरचा फ्रीज, एक सूक्ष्मदर्शक आणि बाळंतपणं करणारी एक नर्स. माझी सगळी भिस्त त्या नर्सवर होती. माझं पहिलं बाळ इस्पितळ गाठण्याआधी होडीतच गेलं होतं, आणि आता पुन्हा सातवा महिना लागला होता.

न्यूझीलंडचे डॉक्टर मेडविन हसतमुख, पण अट कडक.

"यादीतल्या प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब हवा. एक जरी राहिला, तर केंद्र शेजारच्या गावाला."

यादी गावच्या महिला समितीने करायची होती आणि समितीची चिटणीस मी. तुइआकाकांनी चटईवर बसून आपल्या घरातली नावं सांगितली. शेवटचं नाव, "लोसा. माझी आई."

लोसाआजी चार वर्षांपासून अंगणातल्या दगडांखाली होती. आम्ही आपली माणसं दारातच पुरतो. तुइआकाका तर जेवायला बसताना रोज तिला हाक मारत. कर्त्या माणसाला, "तुमची आई आता घरात नाही," असं कोण सांगणार? मी लिहिलं. गावाची माणसं झाली एकशे सत्याऐंशी.

रक्त द्यायच्या दिवशी जत्राच भरली. कोकोचं पातेलं उकळत होतं, नीरफणस भाजत होते. डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाला सुई, काचपट्टीवर थेंब, पट्टी पेटीतल्या आपल्या खाचेत. समितीच्या अध्यक्ष ताउसीकाकू रांग हाकत होत्या.

"अख्खं डुक्कर खांद्यावर टाकून आणतोस, आणि सुईला घाबरतोस? हात पुढे कर, मेल्या!"

दुपारपर्यंत एकशे शहाऐंशी पट्ट्या झाल्या.

"लोसा कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"निघालीय हो," ताउसीकाकू म्हणाल्या. "म्हातारीची चाल. तोवर तुम्ही कोको प्या."

बायका खुदखुदल्या. मला हसू येईना. काकूंनी मला बाजूला ओढलं.

"तिच्या नावाने तूच दे आता दुसरा थेंब. पोटातल्यासाठी एवढं खोटं चालतं, पोरी."

मी सुई घेऊन पेटीकडे गेले.

शेवटची खाच रिकामी नव्हती. काचपट्टी होती. तिच्यावर लालभडक, ओला थेंब.

मागून डॉक्टरांनी डोकावून मोजलं आणि टाळी वाजवली. "झाले सगळे! केंद्र इथेच!"

गावाने नाच धरला. मी मात्र कोको वाटायच्या निमित्ताने एकेकाचा हात पाहत गेले. प्रत्येकाच्या बोटावर एकच टोच. नर्सच्या आणि डॉक्टरांच्या बोटावर एकही नाही.

"काकू, तुम्ही केलंत?"

"मी सुईला हातसुद्धा लावला नाही गं." त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या. "गप कोको पी."

बाकीचे थेंब केव्हाच वाळून तपकिरी झाले होते.

तो एक संध्याकाळीही ओला होता.

डॉक्टरांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "म्हातारीच्या रक्तात जंतू एकही नाही! इतकं स्वच्छ रक्त मी या बेटावर पाहिलं नाही."

केंद्र राहिलं. डॉक्टर मेडविन तीन वर्षांनी मायदेशी गेले आणि मरेपर्यंत दर नाताळला बिस्किटांचा डबा पाठवत राहिले. ताउसीकाकू नव्वदीपर्यंत गावाला दटावत जगल्या. तुइआकाका आता आईच्या शेजारी आहेत. नर्सने आमच्याच गावात लग्न केलं.

माझी मुलगी त्या पत्र्याच्या खोलीत सुखरूप जन्मली. आज ते केंद्र तीच चालवते. जन्मली तेव्हा नर्सने तिला पुसून माझ्या कुशीत दिलं आणि तिची डावी मूठ हलकेच उघडून दाखवली.

"बाई, हे कसं?"

तिसऱ्या बोटाच्या टोकाला सुईची टोच होती. जुनी, खपली धरलेली.