सावरीची चाल

वाघजाई पठारावरच्या अश्व-शल्य केंद्रात शस्त्रक्रियेनंतर चौऱ्याऐंशीव्या दिवशीही सावरी लंगडतच होती. घोडी जातिवंत भीमथडी, वय अकरा. पुढच्या उजव्या पायाचा गुडघा संधिवाताने झिजला होता. पूर्वी अशा सांध्याची हाडं स्क्रू घालून एकमेकांना जखडून टाकत; दुखणं जाई, पण पाय काठीसारखा ताठ होई. डॉ. विजया पिसाळ यांनी तिथे तिच्याच पेशींपासून वाढवलेली सजीव कूर्चा बसवली. शस्त्रक्रिया नामी झाली होती. तरी तो पाय टेकला की सावरीची मान वर उडायची, आणि घोड्याची मान खोटं बोलत नाही.

नव्वदाव्या दिवशीही ती लंगडली, तर प्रयोगाच्या परवान्याप्रमाणे तिला कायमचं झोपवायचं होतं. चारापाणी यंत्रं करत, पहारा कॅमेरे देत. तीन वर्षं विजयाबाई तिथे एकट्याच होत्या, आणि त्यांचं ऐकून घेणारी पठारावर सावरी तेवढी एकच होती. म्हणून त्यांनी कूर्चेचे जनक डॉ. रशीद मुजावर यांना मिरजेहून बोलावून घेतलं. ते घोड्यांचा ट्रक घेऊनच आले.

"वेदनामापी शून्य दाखवतोय," मुजावर म्हणाले. "काडीचंही दुखत नाही हिला."

"मग लंगडते कशाला? हौस म्हणून?"

"बाई, नव्या सांध्याला चाल म्हणून काही ठाऊकच नसतं. कूर्चेतले संवेदनतंतू शेजारच्या पावलांचे हादरे टिपतात आणि नव्वद दिवसांत तोच ताल स्नायूंना शिकवतात. म्हणून तर धडधाकट घोडा सोबतीला देतो आपण. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला! तुमचा सोबती घोडा कुठंय?"

"पोटशूळाने गेला, दुसऱ्याच आठवड्यात. अहवालात लिहिलंय मी."

"अहवाल वाचतो कोण!" मुजावर ओशाळले. "मग रोज हिच्याबरोबर चाललं कोण?"

"मी. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मैल. एक दिवस चुकवला नाही." आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

मुजावरांनी चालमापीच्या पडद्यावर सावरीच्या चालीची रेषा लावली. मग म्हणाले, "त्या कुंपणापर्यंत चालून दाखवता? एकट्याच."

त्या चालून आल्या. पडद्यावर दोन रेषा एकीखाली एक उमटल्या होत्या, वरची घोडीची, खालची बाईंची. दोन्हींचे चढउतार तंतोतंत जुळत होते.

"मी लंगडत नाही," विजयाबाईंनी ठणकावलं. "गुडघा दुखतो कधीमधी, वय झालं. पण लंगडत नाही."

मुजावरांनी आत्ताचं चित्रण लावलं. उजवा पाय टेकताना पडद्यावरची बाई खांदा उचलत होती. घोड्यांच्या माना पाहण्यात जन्म गेलेल्या विजयाबाईंना ते ओळखायला दोन पावलंही लागली नाहीत.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार?"

त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त एकटं वाटलं. तीन वर्षांत त्यांच्या शेजारून एकही माणूस चाललं नव्हतं. चालली ती ही मुकी घोडी, आणि तिने बिचारीने जे मिळालं ते इमानाने घेतलं.

"मडकं अजून भाजलेलं नाही," मुजावर म्हणाले. "तंतू शेवटच्या आठवड्यात पक्के होतात. मिरजेला माझ्याकडे चांगली चालणारी घोडी आहे. तिच्याबरोबर सहा दिवस दिवसभर चालवतो. पण तोवर तुमचं पाऊल हिच्या आसपास पडायला नको."

दोर मुजावरांनी धरला. ट्रकपर्यंत जाताना सावरी तीनदा थांबली आणि मागे वळून पाहू लागली. विजयाबाई कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. पाय उचलायची सोयच नव्हती.

घोडीला चढवून मुजावर परत आले. "तुमचाही गुडघा बदलू या. माणसांसाठी परवानगी मिळालीय. फक्त नव्वद दिवस रोज सोबत चालणारं कुणीतरी हवं. आहे कुणी?"

विजयाबाईंनी आठवून पाहिलं. नागपूरच्या बहिणीशी बोलणं तुटून बारा वर्षं झाली होती. कॉलेजातली एक मैत्रीण होती. तिचा पत्ताही आता ठाऊक नव्हता. नावं फार लवकर संपली.

"घोडी चालेल?" त्यांनी विचारलं.

"घोडी?"

"ती माझ्याकडून शिकली. मग मी तिच्याकडून का नाही शिकणार?"

मुजावरांनी डोकं खाजवलं. स्वतःच्याच शोधावर आक्षेप शोधून पाहिला, सापडेना. "शिकाल की! पण आधी ती सरळ चालली पाहिजे."

"मग उभे काय राहिलात?" विजयाबाई ओरडल्या. "निघा! सहाच दिवस आहेत."