एकशे तेरावी

वसतिगृहाच्या समन्वयक बाईंना मुली पाठीमागे ‘शिट्टीबाई’ म्हणत, आणि ते बाईंना ठाऊक होतं. गळ्यात शिट्टी, कमरेला चाव्यांचा जुडगा, नाकाच्या शेंड्यावर राग. विद्यापीठाच्या या चार मजली इमारतीत एकशे बारा मुली राहत आणि तळमजल्यावरच्या दीड खोलीत बाई राहत. नोकरी तीच, घरही तेच. कुणाचा नळ गळतोय, कुणाचं खोलीतल्या जोडीदारणीशी वाजलंय, कुणाला रडू आवरत नाहीये, सगळं त्यांच्याच दारात येई. निवांत जेवण म्हणजे काय ते त्या विसरल्या होत्या. दादा फोनवर म्हणायचा, “सोड ती नोकरी, इकडे ये राहायला.” मागून वहिनीही ‘ये’ म्हणायची, पण त्या ‘ये’चा अर्थ बाईंना कळत होता.

दर सत्राच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी अकराला आगीची रंगीत तालीम असे. घंटा झाली की सगळ्यांनी जिन्याने उतरायचं, समोरच्या पार्किंगमध्ये मजल्यानुसार रांगा करायच्या, बाईंनी डोकी मोजायची, आकडा लाल रजिस्टरात लिहून त्यावर अग्निशमन दलाच्या निरीक्षकांची सही घ्यायची. वीस मिनिटांचं काम. मुली विस्कटलेल्या केसांनी, चपला फरफटत, जांभया देत येत. एखादी तोंडात ब्रश धरूनच उतरे.

त्या शनिवारी मोजणी एकशे तेरा आली.

बाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे तेरा. त्यांचं डोकं तिथेच तापलं. कुणीतरी मैत्रीण आणून लपवून ठेवली होती, दुसरं काय असणार? त्यांनी शिट्टी फुंकली आणि यादी काढली. “जिचं नाव पुकारीन तिने पिवळी रेघ ओलांडून पलीकडे जायचं. बघू कोण उरतंय ते!”

एकेक नाव पुकारलं. एकेक ‘हजर’ आलं. एकशे बारा नावं संपली आणि रेघेच्या अलीकडे कुणीच उरलं नाही.

बाईंनी पलीकडच्या मोजल्या. एकशे तेरा.

त्यांनी एकेकीचा चेहरा निरखून पाहिला. सगळ्या ओळखीच्या. एकही चेहरा असा नव्हता की ज्याच्यावर बोट ठेवून विचारावं, बाई गं, तू कोण? निरीक्षक घड्याळाकडे बघत होते. “मॅडम, मला अजून तीन इमारती करायच्यात. जुळवा काहीतरी.”

बाईंनी निवास विभागाच्या साहेबांना फोन लावला.

“मंजूर किती आहेत?” साहेबांनी विचारलं.

“एकशे बारा. पण मोजल्या एकशे तेरा.”

“मग एकशे बारा लिहा. तेरा लिहिलंत तर प्रमाणपत्र अडकेल, आणि वर मला विचारतील की जास्तीची मुलगी आत घेतली कुणी. काय सांगू मी? बाईंनी घेतली म्हणून सांगू?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर आकडा आधी लिहून मग मोजायचं, किंवा मोजायचंच नाही, ही या खात्यातली जुनी रीत होती. बाईंनीही तीन वर्षं तेच केलं होतं. रांगांवरून नजर फिरवायची, एकशे बारा लिहायचं, मोकळं व्हायचं. या वर्षी मन लावून मोजलं तर हे असं झालं. त्यांनी दातओठ खात ‘११२’ लिहिलं आणि खाली नेहमीचं वाक्य लिहिलं: ‘प्रत्यक्ष मोजणी केली. सर्व हजर.’ सही ठोकली.

सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरची रेडिओ दारात उभी राहिली. या मुलीला सगळ्याच रेडिओ म्हणत, कारण एकदा सुरू झाली की तिचं बटण सापडत नसे. बाईंचा खरं तर तिच्यावर जीव होता. चहाच्या वेळी ती न बोलावता येई आणि सगळ्या इमारतीच्या बातम्या सांगून जाई.

“मॅडम, माझी चावी लागत नाहीये. आणि सांगते ना, आत कोणीतरी आहे.”

बाई तिला घेऊन वर गेल्या. दार तिच्या जोडीदारणीने उघडलं. बाईंना नमस्कार केला आणि रेडिओकडे बघून परक्यासारखं हसली. “ही कोण, मॅडम? नवीन आलीय का?”

“अगं, काय बोलतेस?” रेडिओ ओरडली. “माझी चादर आहे ती! ते पुस्तक माझं आहे!”

खिडकीजवळच्या कॉटवर एक मुलगी पाठमोरी बसून वाचत होती. लांब सैल वेणी, निळी रबरी रिंग. बाईंनी शेजारी पाहिलं. रेडिओचीही तीच वेणी, तीच रिंग. बाई तरातरा आत निघाल्या. पण जोडीदारणीला बाजूला सारेपर्यंत कॉट रिकामी झाली होती. चादर मात्र ऊबदार होती.

“बाथरूमला गेली असेल,” जोडीदारीण म्हणाली.

दारात तर बाई स्वतःच उभ्या होत्या.

त्या दिवशी बाईंनी रेडिओला आपल्या खोलीत आणलं. आतल्या अर्ध्या खोलीत पाहुण्यांसाठीची कॉट होती, ती दिली. “दोन दिवस इथे राहा. मी बघते एकेकाला,” त्या म्हणाल्या. बुधवारी भोजनगृहातल्या माणसाने रेडिओला ताट दिलं नाही. तुमचं ताट मघाशीच नेलंत, म्हणाला. ग्रंथालयाच्या फाटकाने तिचं कार्ड घेतलं नाही. गुरुवारी बाईंनी तिच्या आईला फोन केला. शेजारी रेडिओ रडत बसली होती आणि पलीकडून आईचा हसरा आवाज आला.

“अहो मॅडम, दहा मिनिटांपूर्वीच बोलले मी तिच्याशी. खोलीतच आहे ती. हल्ली कमी बोलते, बरं झालं म्हटलं. अभ्यासाला लागली. का हो, काही केलंय का तिने?”

बाईंनी ‘काही नाही’ म्हणून फोन ठेवला.  दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. पण बाई संतापल्या होत्या. एका जित्याजागत्या पोरीला सगळं जग ‘तू नाहीस’ म्हणत होतं, आणि ते कुणाच्या सहीने? हा विचार आला की त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

शुक्रवारी त्या रेडिओला घेऊन थेट साहेबांच्या खोलीत घुसल्या. साहेबांनी शांतपणे लाल रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. “तुमचीच सही आहे. एकशे बारा, सर्व हजर. मग तक्रार काय आहे?”

“त्यात ही धरलेली नाही! हिची जागा कुणीतरी घेतलीय. मला मोजणी पुन्हा करायचीय.”

“मोजणी सत्रातून एकदाच होते. आणि हे बघा, तुमची खोली, तुमची नोकरी, हे सगळं त्या एका सहीवर आहे. खोटी मोजणी केली असं तुम्ही स्वतः सांगताय. विचार करा.”

एवढं सगळं बोलताना त्या माणसाने रेडिओकडे एकदाही मान वर करून बघितलं नाही. मुजोर मेला, बाई मनात म्हणाल्या. समोर रडणाऱ्या मुलीला साधं ‘बस’ म्हणायची माणुसकी नाही.

शनिवारी सकाळी सफाईवाल्या मावशी बाईंच्या खोलीत फरशी पुसायला आल्या. रेडिओ कॉटच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती. मावशींनी फडकं फिरवलं आणि ते तिच्या पावलांवरून नेलं. पावलं ओली झाली. मावशी पुढे सरकल्या.

“मावशी, डोळे फुटले का? पाय दिसत नाहीत?” बाई कडाडल्या.

मावशी दचकून उठल्या. खोलीभर बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, रागावू नका. चार दिवस बघतेय. तुम्ही सारख्या कोणाशी बोलताय?”

 रेडिओने पाय वर ओढून घेतले.

बाईंनी त्या दिवशी नियमांची पुस्तिका काढली आणि ओळ न् ओळ वाचली. एके ठिकाणी बोट थांबलं. धोक्याची घंटा कोणत्याही कारणाने वाजली, तर इमारत रिकामी करून मोजणी करणं आणि तिची नोंद घेणं बंधनकारक. तिथे साहेबाच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. जिन्याच्या तोंडाशी काचेमागे लाल बटण होतं. काच फोडायला शिट्टीही पुरली असती.

“उद्या रविवार. सगळ्या खोल्यांतच असतात,” त्या रेडिओला म्हणाल्या. “अकराला मी घंटा वाजवते. तू धावत बाहेर ये आणि तिसऱ्या मजल्याच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहा. मी एकेकीच्या खांद्याला हात लावून मोजणार. एकशे तेरा लिहिणार. मग गेली नोकरी तर गेली.”

“मॅडम, मी मोजली गेले की होईल ना सगळं नीट?”

“होईल. न होऊन सांगतंय कुणाला?”

रविवारी साडेदहाला साहेबांचा फोन आला. त्यांना कुठून वास लागला देव जाणे. आणखी काही नाटक केलंत तर संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा, असं म्हणाले. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एका अधिकाऱ्याला नको ते ऐकवलं. अगदी मनसोक्त ऐकवलं. मग तशाच तणतणत रजिस्टर काखेत मारून निघाल्या आणि काच फोडली.

घंटा कर्कश वाजायला लागली. मुली कुरकुरत उतरल्या. ऊन चढलं होतं. बाईंनी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. खांद्याला हात, मोठ्याने आकडा. कुणी हसलं तर डोळे वटारले.

तिसऱ्या मजल्याची रांग त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. रांगेच्या टोकाला रेडिओ उभी होती. सैल वेणी, निळी रिंग. बाईंच्या जिवात जीव आला.

एकशे अकरा.

एकशे बारा.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट दाबला आणि सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं ओरडल्या, “एकशे तेरा!”

ती हसली. बोलली काहीच नाही. नुसतं मान हलवून हसली.

बाईंनी तिथेच एका स्कूटरच्या सीटवर रजिस्टर टेकवून ‘११३’ लिहिलं. अक्षर असं दाबून काढलं की मागच्या पानावर उमटलं. तालमीच्या शनिवारचा आकडा खोडला, बाजूला ‘चूक माझी’ लिहिलं, सही केली. आठ दिवस छातीवर धरलेला दगड उतरला. मुली वर निघाल्या. रेडिओही त्यांच्यात मिसळून जिना चढली, मागे न बघता. जाऊ दे, बाई म्हणाल्या. पोरगी आपल्या खोलीत चाललीय, आनंदात असेल.

मग त्या आपल्या खोलीकडे वळल्या.

दाराला बाहेरून कडी होती.

बाई कडीकडे बघत राहिल्या. ती कडी त्यांनीच घातली होती. साहेबावर भडकून निघताना, रोजच्या सवयीने. आत कुणी आहे हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आतून कुणीतरी दारावर थापा मारत होतं. अगदी हलक्या. दार लाकडाचं नाही, कागदाचं असावं तशा.

“मॅडम? मॅडम, किती वेळ वाजवतेय मी. घंटा झाली तेव्हापासून. मोजणी झाली का?”

बाहेर एकशे तेरा. आणि ही आत. हिला न मोजताच एकशे तेरा, म्हणजे आणखी एक वाढली होती.

बाईंनी कडी काढली. ती निघता निघेना.  त्यांनी दार ढकललं. काखेतलं रजिस्टर खाली पडलं. राग दाटून आला होता, स्वतःचा, साहेबाचा, त्या हसणारीचा. त्या कॉटकडे बघून ओरडल्या, “मी पुन्हा वाजवते घंटा! आत्ताच्या आत्ता! तू नुसती माझा हात धर. चल, हात दे!”

आणि त्यांनी कॉटच्या दिशेने हात पुढे केला.

“मॅडम, तिकडे नाही,” रेडिओ म्हणाली. “इकडे. मी इकडे उभी आहे.”