मारुतराव काच वाजवतात

पुढे लिहिलंय ते घडलेलं आहे. पटलं नाही तर माझी हरकत नाही. मलाही अजून पटलेलं नाही.

अशा गोष्टीला अमावास्येची रात्र आणि ओसाड रस्ता लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. दुपार होती. शिरूरमधलं एक खाजगी हॉस्पिटल होतं. सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या आणि फिनेलचा वास येत होता.

माझी मुलगी स्नेहल सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. मी दौंडहून नेलेलं टोपडं तिला झबलं म्हणून झालं असतं, एवढीशी.

पोटात दूध टिकत नव्हतं. त्यामुळे तिचं सगळं जेवण शिरेतून चालू होतं. साखर, प्रथिनं, क्षार, सगळं एका पिशवीत. रोज ताजं बनवायचं. जावई विश्वजीत रांजणगावच्या एका कंपनीत आहे. तो त्या पिशवीला डबा म्हणायचा.

"मामा, पोरीचा डबा झाला का?" शिफ्टवरून रोज हाच फोन.

डबा व्हायचा तळमजल्यावरच्या फार्मसीत. तिथे मागच्या बाजूला एक निर्जंतुक खोली होती. आत हर्षदा. कासुर्डीची मुलगी, फार्मसी टेक्निशियन. नखशिखांत झाकलेली, फक्त डोळे दिसायचे. ती गाळलेल्या हवेच्या झोतात हात घालून एकेक औषध सिरिंजमध्ये ओढायची आणि पिशवीत सोडायची. तयार पिशवी भिंतीतल्या एका खणात ठेवायची. त्या खणाला दोन दारं, एक आतून, एक बाहेरून. एक उघडं असलं की दुसरं उघडत नाही. जंतूंनी घुसू नये म्हणून.

वॉर्डबॉयची जागा रिकामी होती. म्हणून डबा वर पोचवायची जबाबदारी नातेवाइकांची. मी खोलीबाहेर काचेशी उभा राहायचो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली.

औषध ओढलं की हर्षदा ते लगेच पिशवीत सोडत नसे. सिरिंज काचेच्या दिशेने वर धरायची. थांबायची.

आणि मग...

टक्.

काचेवर. पेनाच्या मागच्या टोकाने वाजवावं तसं.

मी काचेला लागून उभा होतो. शेजारी कोणी नव्हतं. एक रिकामी खुर्ची होती, आणि तिच्या वर कॅमेरा.

प्रत्येक सिरिंजला तसंच. ती धरायची. टक्. ती सोडायची.

डबा घेताना मी इंटरकॉमवरून विचारलं, कोण वाजवतं. तिने हातमोजे काढले. मग तुकड्यातुकड्याने सांगितलं. एकाने औषध ओढायचं, दुसऱ्याने बघायचं, ही पद्धत. बघायला मारुतराव असायचे, जुने फार्मासिस्ट. त्या खुर्चीवर बसून सिरिंजवरचा आकडा वाचायचे, बरोबर असला की काच वाजवायचे. दिवाळीत ते गेले. झोपेतच.

हॉस्पिटलने त्यांच्या जागी कॅमेरा बसवला. कॅमेरा बघतो. वाजवत नाही.

"मग आता?"

"मी सवयीनं सिरिंज वर धरते, काका. टकटक व्हती. मी घालते. कोन वाजवतं ते मी इचारत न्हाई."

मी आयुष्यभर अशा गोष्टींची टिंगल केली आहे. छापूनसुद्धा आली आहे. पण त्या दिवशी डबा वर नेताना मी जिना जरा हळू चढलो, एवढंच कबूल करतो.

मग ती दुपार आली.

बाळाचा हात सुजला. सुई शिरेतून निसटली होती. सिस्टरने पिशवी बंद केली, ती वाया गेली. दुसऱ्या हाताला सुई लागली, पण लावायला पिशवी नव्हती. रक्तातली साखर घसरत होती. डॉक्टरांनी साध्या ग्लुकोजवर वेळ काढायला सांगितलं आणि वर म्हणाले, फार वेळ नाही.

मी खाली धावलो. विश्वजीत कंपनीच्या गणवेशातच तिथे पोचला होता. काचेला नाक लावून उभा.

आत हर्षदाचे हात भराभर चालले होते. टक्. टक्. एकेक औषध जात होतं.

मग तिने कॅल्शियमची सिरिंज वर धरली.

थांबली.

काहीच वाजलं नाही.

तिने आकडा पाहिला. बाटली पाहिली. डॉक्टरांनी लिहिलेलं प्रमाण पाहिलं. सगळं बरोबर होतं. पुन्हा सिरिंज वर धरली.

काहीच नाही...

विश्वजीतने इंटरकॉम हिसकावला. "ताई, काय झालं? घाला की."

"टकटक न्हाई आली, दादा."

विश्वजीतला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी शिकलेल्या माणसाने काय बोलावं याचा विचार मी करत होतो, तेवढ्यात वरून सिस्टरने जिन्यातूनच हाक मारली. साखर अजून उतरली होती.

मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं.

तो हसला नाही. चिडलाही नाही. त्याने सरळ मूठ आवळली आणि बोटाच्या पेराने काच वाजवली.

टक्.

हर्षदाची आमच्याकडे पाठ झाली होती. तिचे खांदे सैल पडले. तिने कॅल्शियम सोडलं, पिशवी बंद केली आणि खणात ठेवली. आतलं दार लावल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

विश्वजीतने बाहेरचं दार ओढलं.

उघडेना.

दारावरचा दिवा लाल. म्हणजे आतलं दार उघडं. हर्षदाने आतून ढकलून दाखवलं, ते बंद होतं. लाल तो लालच. विश्वजीतने दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं. तो दिवसभर लोखंडाशी झटणारा माणूस आहे. दार तसूभर हललं नाही.

पलीकडून कोणीतरी धरून ठेवावं तसं.

"सोडा की," तो दाराला म्हणाला. "पाया पडतो. लहान हाय वो ती."

दाराच्या काचेतून डबा दिसत होता. पाण्यासारखा नितळ.

मग त्या नितळ पाण्यात, तळाशी... काहीतरी पांढरं हललं.

आधी धुरकट. मग चुना ढवळल्यासारखं. मग बारीक कणी खाली बसू लागली.

हर्षदाने ते आतून पाहिलं आणि लगेच नवी पिशवी घेतली. मागाहून तिने सांगितलं ते असं. फॉस्फेट आणि कॅल्शियम पिशवीत एकमेकांना लागून घालायचं नसतं. मध्ये भरपूर पाणी घालून मिसळायचं असतं. नाहीतर त्यांचा खडू होतो. घाईत तिने पाणी मागे ठेवलं होतं. प्रत्येक सिरिंज बरोबर होती. क्रम चुकला होता. तो खडू बाळाच्या रक्तात गेला असता, तर फुप्फुसात जाऊन बसला असता.

तिने दुसरी पिशवी केली. पाणी आधी घातलं. सिरिंज वर धरायची आणि डोळे मिटायची. टक्. टक्. कॅल्शियमलाही टक्.

या वेळी दार एका बोटाने उघडलं.

बाळ वाचलं. विश्वजीतने काचेसमोरच्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले. मग त्याच हाताने हॉस्पिटलकडे तक्रार लिहून दिली की दार अडकतं. बाकीचं लिहिलं नाही. लिहून काय होणार होतं?

तक्रारीची इतकी झटपट दखल घेतलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तिसऱ्या मजल्यावर नवी निर्जंतुक खोली तयारच होती, फीत कापायला पाहुणा मिळत नव्हता. पाहुण्याशिवाय सुरू केली. नवं दार, नवी काच. खालची खोली भंगार ठेवायला दिली. तपासायला नवा माणूस पुढच्या महिन्यात येणार आहे म्हणे.

आज त्या नव्या खोलीत पहिला डबा झाला.

हर्षदाने पहिली सिरिंज वर धरली.

आम्ही दोघं बाहेर. एसीचा आवाज. बाकी शांत.

तिने सगळं पुन्हा तपासलं. क्रम तपासला. पाणी आधी घेतलं होतं. पुन्हा सिरिंज धरली.

काही नाही...

विश्वजीतचा हात काचेपर्यंत गेला. त्याने तो मागे घेतला आणि खिशात कोंबला.

"काका," इंटरकॉमवर हर्षदाचा आवाज बारीक झाला होता. "चुकलंय म्हनून वाजवत न्हाईत, का ते खालीच ऱ्हायलेत?"

बाळाला लावलेल्या पिशवीत थोडंच उरलं होतं. सिस्टरचा निरोप दोनदा येऊन गेला होता. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी वयाने मोठा.

"घाल," मी म्हणालो.

तिने घातलं. सगळ्या सिरिंज, एकामागून एक, त्या शांततेत. नवं दार लगेच उघडलं. पण नवं दार कोणालाही उघडतं.

मी पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ पाहिली. नितळ होती. परवाचीसुद्धा आधी नितळच होती.

ती पिशवी आत्ता बाळाला चालू आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून हे फोनवर लिहितोय. दर थोड्या वेळाने उठतो, काचेपाशी जातो, पिशवीचा तळ बघतो.

स्नेहल विचारते, "आप्पा, सारखं काय बघताय?"

मी सांगतो, किती राहिलीय ते.