‘पुढे’चं बटण

“तुमचं बोट दुखत नाही?”

ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत शेजारच्या खुर्चीतून प्रश्न आला, तेव्हा ‘पुढे’चं बटण दाबून दाबून ती मेटाकुटीला आली होती.

“दुखतंय. पण ही साइट आज संध्याकाळी बंद होतेय, आणि एका पानावर बाबांची पाचच उत्तरं दिसतात. सगळी कशी उतरवून घेऊ?”

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. कोण कुठली माणसं या साइटवर अडचणी विचारायची आणि ते निगुतीनं उत्तरं लिहायचे. प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच — ‘आधी प्लग काढा.’ बाबा गेले, आणि आज ती त्यांच्याच पासवर्डनं आत शिरली होती.

“आणि हा कागद?” शेजारच्या तरुणानं पडद्यावर चिकटवलेल्या चिटोऱ्याकडे बोट दाखवलं.

“त्याखाली त्यांचं नाव आहे. शेजारी हिरवा ठिपका… ‘आत्ता हजर’ म्हणतो.”

मग त्यानं आपला लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. “मी प्रोग्रॅमर आहे. पासवर्ड तुम्ही टाका, बटण प्रोग्रॅम दाबेल. मी पायथन नावाच्या भाषेत सांगायचं, ब्राउझरनं ऐकायचं.”

“ब्राउझरला ती भाषा येते?”

“ओ की ठो कळत नाही! मध्ये एक दुभाष्या असतो.”

ती हसली — कितीतरी दिवसांनी. “मी दुभाषीच आहे. रुग्णालयात.”

“मग तुम्हाला काय सांगायचं! पदरचं काही घालायचं नाही, एवढंच.”

“डॉक्टर रागावले, तर मी थोडं गोड करून सांगते.”

“सापडलात!”

प्रोग्रॅम सुरू झाला. बटण आपोआप दबू लागलं, पानं सरकू लागली… जणू कुणी शांतपणे वाचत बसलं होतं. पण लॅपटॉपच्या पडद्यावर चिटोरा नव्हता. हिरवा ठिपका दिसताच तिनं मान फिरवली.

“प्रोग्रॅमच्या एका ओळीत ठिपका घालवतो,” तो हळूच म्हणाला. “फक्त आपल्या पडद्यावरून. घालवू?”

तिनं वळून पाहिलं. बाबांचं नाव. आत्ता हजर.

“नको… सगळं होईपर्यंत असू दे.”

पहिल्या पडद्यावरचा चिटोराही तिनं सोलून काढला.

उन्हं कलताना शेवटचं उत्तर उतरलं. कितीतरी भाषांत आभार मानता यायचे तिला. आता एकही शब्द आठवेना. डोळे मात्र भरून आले. त्यानं तिकडे न पाहता काहीतरी टाइप केलं, आणि पानावरचा ‘पुढे’ शब्द बदलला.

‘उद्या चहा?’

“हे कुणी लिहिलं?”

“मीच. पायथनमधून.” त्याचे कान लाल झाले होते. “तोंडानं विचारायचा धीर होईना.”

“मग प्रोग्रॅमच दाबेल की बटण!”

“छे. हे दाबायची त्याला मनाई आहे.”

तिनं ठिपक्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“आधी प्लग काढा.”

त्यानं निमूटपणे लॅपटॉपची वायर काढली. आणि तिनं, त्याच दुखऱ्या बोटानं, बटण दाबलं.