ब्रेक गार होते

गाडी जड चालते, ही तक्रार फ्लोरेन्सियाने बाजारातून परतल्या परतल्या केली. वीस वर्षं ती उयुनीच्या मिठाच्या मैदानावरून जीप हाकत होती. माणसं, किनवा धान्याची पोती, कधी लामा नावाची लोकरी जनावरंसुद्धा. गाडीचा आवाज तिला पोटच्या पोराच्या आवाजासारखा कळायचा.

"ब्रेक धरतायत," धाकटा भाऊ नेमेसियो बोनेट उघडत म्हणाला. "मिठाने खाल्लं असणार. तू धुतेस कुठे कधी?"

"तुझी तोंडपाटीलकी पुरे. उद्या डेल्फिनाला दवाखान्यात न्यायचीय. वाटेत अडकलो तर बाळंतपण तू करणार आहेस का?"

डेल्फिना त्याची बायको. तिचे दिवस भरले होते. नेमेसियो कामाला लागला.

त्याने चाकांचे चारही ब्रेकड्रम उतरवले. लायनर घासून साफ केले. आतून सुजून ब्रेकचं तेल अडवत असेल म्हणून मागची रबरी नळी बदलली. पेडल सैल आहे ना, हँडब्रेकची तार सुटते ना, तेही पाहिलं. जॅकवर चढवून चाकं फिरवली, तर भिरभिऱ्यासारखी फिरली.

"चल, बघू."

दुपारचं ऊन होतं. पावसाळा नुकताच सरला होता, मिठाचा वरचा थर अजून ओलसर, चाकाखाली करकरत होता. गाव मागे पडेपर्यंत जीप सुरेख पळाली. नेमेसियोने शीळही घातली. मग फ्लोरेन्सियाचा पाय ॲक्सिलरेटरवर खोल खोल जाऊ लागला, इंजिन कण्हू लागलं.

"लागलं बघ परत."

"थांबव. ब्रेक मारू नकोस, आपोआप थांबू दे."

तिने गिअर काढला. जीप चार हातही न जाता थांबली.

नेमेसियो उतरला. ब्रेक धरला की ड्रम तापतो, हात लावला तर चटका बसतो. त्याने एकेका चाकाला जपून बोट लावलं. मग पंजा टेकवला.

"ताई, ब्रेक गार आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ब्रेकचं काही नाही. गाडी काहीतरी ओढतेय."

"मागे काय बांधलंय मी? तुझं डोकं?"

तो हसला नाही. वारा नव्हता. क्षितिजापर्यंत मैदान ताटासारखं सपाट होतं.

तेवढ्यात जीप मागे सरकली.

वीतभरच. गिअर नव्हता, उतार नव्हता. फ्लोरेन्सियाने हँडब्रेक खेचला आणि खाली उतरली.

मागे त्यांच्या चाकांचे दोन ठसे दूरवर गेले होते. त्या दोहोंच्या मधोमध एक चर होता. नांगराने काढावा तसा, ताजा, कडा ओल्या. तो जीपपासून दोन हातांवर येऊन संपत होता.

तिथे काहीच नव्हतं.

नेमेसियो पुढे जायला निघाला. तिने त्याचा दंड धरला.

"नको."

तिने कनवटीची, चघळायची कोकाची पानं काढली, त्यातली तीन धड पानं निवडून मिठावर ठेवली. जीपमधल्या बाटलीतली दारू थोडी सांडली. भूमातेला आई रोज नैवेद्य द्यायची तसंच.

"आम्हाला घरी जायचंय," ती हळूच म्हणाली. "लेकुरवाळं घर आहे."

मग दोघं बसले. तिने हँडब्रेक सोडला आणि चर न ओलांडता मोठा वळसा घेऊन जीप गावाकडे वळवली. जीप सहज निघाली. नेमेसियोने सुस्कारा सोडला.

"सोडलं एकदाचं."

ती समोर पाहत होती.

थोड्या अंतरावर मिठात एक चर सुरू झाला होता. एकटाच. त्याच्या दोन्ही बाजूंना चाकांचे ठसे नव्हते. तो सुतासारखा सरळ गावाकडे गेला होता.

"ताई, जोरात घे. डेल्फिना घरी आहे."

तिने पाय दाबला. इतक्या वर्षांत जीप कधीच इतकी हलकी पळाली नव्हती.