पंखाखालची जागा

येलदरीच्या धरणाचा पाया खणताना, दोन काळ्या खडकांच्या मधल्या मातकट थरात तो सांगाडा निघाला. एकोणीसशे एकोणसाठचा उन्हाळा होता. खडकांच्या पाहणीसाठी मला तिथे पाठवलं होतं. सांगाडा रुतलेली दगडाची लादी मी माझ्या तंबूत आणवली आणि ब्रशने साफ करत बसले.

प्राणी मोराएवढा. हाडं पोकळ, पावलाला तीन बोटं, छातीशी पक्ष्यासारखं बेचक्याचं हाड. पण जबड्यात करवतीसारखे दात होते आणि शेपूट लांब, हाडांची. मांस खाणारा. पुढचे दोन्ही हात, कोंबडी अंड्यांभोवती पंख पसरते तसे पसरलेले. त्यांच्या मधे परातीएवढा खळगा, रिकामा.

"बाई, ह्या कोंबडीचा रस्सा काय आता शिजायचा न्हाई," मुकादम बन्सीधर हसून म्हणाला.

कडूबाई धरणाच्या पायाच्या कामावर माती वाहायची. तिची पाच महिन्यांची धुरपता माझ्या तंबूत झोळीत असायची आणि सारखी रडायची. एका दुपारी कडूबाईनं लुगड्याची घडी घालून तिला त्या खळग्यात ठेवलं.

"दगड गार हाय बाई. निजंल."

धुरपता लगेच निजली. मग ते रोजचंच झालं.

आठवड्याभरात कडूबाई घाबरीघुबरी आली. "लेकरू अंगावर पीत न्हाई वो. तोंडच फिरवायलंय. पयल्या दोघी अशाच दूध सोडून गेल्या माज्या."

मी धुरपताला उचललं. ती वाळलेली नव्हती. उलट जड लागली, मांड्या भरलेल्या. खालची घडी उबदार होती. अंगाचीच ऊब असेल, असं मी धरलं. मग लादीवर हात फिरवला. बाळापासून लांब, बरगड्यांपाशी, दगड जास्त गरम होता. तिथे ऊन पोचत नव्हतं.

"हिला काही भरवलंत?"

"एवढ्याशा जिवाला काय भरवू, बाई?"

मी धुरपताच्या तोंडात बोट फिरवलं. टाळूला काहीतरी चिकटलं होतं. उजेडात धरून पाहिलं. सरड्याचा मागचा पाय. चावून मऊ केलेला, ओला.

धुरपताला अजून एकही दात नव्हता.

कडूबाईला मी तो दाखवला नाही. बन्सीधरला हाक मारली. "लादी परभणीला पाठवायची. आत्ता."

"ट्रक उद्याचा हाय की, बाई."

"आत्ता, बन्सीधर."

माझा आवाज ऐकून तो मातीचा ट्रक रिकामा करून घेऊन आला. सहा गड्यांनी लादी चढवली. ट्रकची धूळ खाली बसेपर्यंत मी बाहेर उभी राहिले.

"आता पील ना?" कडूबाईनं विचारलं.

"पिईल."

तिनं तंबूत बसून धुरपताला पदराखाली घेतलं. धुरपतानं तोंड फिरवलं. रडली मात्र नाही.

बाहेर मुरमावर पावलं वाजली. हलकी, अंतर ठेवून टाकलेली. थांबली.

कडूबाई माझ्याकडे बघत राहिली.

धुरपतानं मान ताठ वर केली आणि आवाज न करता, जबडा ताणून, घरट्यातल्या पिल्लासारखं तोंड उघडलं. तंबूच्या दाराकडे.